मतदानाच्या रांगेचे आरोग्य

निवडणुकीच्या आदल्या दिवशी शाळेची घंटा वाजत नाही. बाके भिंतीला लावली जातात, फळ्यावर केंद्राचा क्रमांक लिहिला जातो आणि इयत्ता पाचवी ‘ब’ चे मतदान केंद्र होते. केंद्राध्यक्ष बहुधा शिक्षक असतात, मतदान अधिकाऱ्यांतही शिक्षक असतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर यांसारख्या दाट वस्तीच्या उपनगरांत एकेका शाळेत अनेक केंद्रे भरतात. मतदानाचा विषय नागरिकशास्त्राच्या पुस्तकात असला तरी मतदानाची खोली, रांग आणि हवा यांचा विषय विज्ञानाचा आहे. साथीच्या दिवसांत तर तो फारच निकडीचा होतो. या लेखात आम्ही त्याचा इतिहास आणि त्यामागचे साधे गणित मांडणार आहोत.

प्लेगच्या वेळी मत कोणाला होते?

मुंबईत साथ आणि लोकप्रतिनिधी यांची गाठ फार जुनी आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. ते मुंबई महापालिकेचे सदस्यही होते. त्या वेळची महापालिका १८८८ च्या कायद्याने चालत असे. तिच्या ७२ सदस्यांपैकी ३६ वॉर्डांतून निवडून येत आणि तेही कर भरणाऱ्या मोजक्या मतदारांकडून. गिरणीत राबणारा किंवा गोदीत पाठीवर गोणी वाहणारा माणूस मतदार नव्हता. साथीत मरणारे मात्र बहुतेक तेच होते.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. पुढच्याच महिन्यात सरकारने प्लेग-निवारणाचे अधिकार महापालिकेकडून काढून जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग कमिटीकडे सोपवले. घरझडत्या, सक्तीने रुग्णालयात नेणे, विलगीकरण असा कारभार सुरू झाला. लोकांचा विश्वास नसल्यामुळे रुग्ण लपवले जाऊ लागले आणि मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल उसळली. ज्यांच्यावर उपाय करायचे त्यांना कारभारात आवाज नसेल तर योग्य उपायसुद्धा जुलूम वाटतो, हा त्या काळाचा धडा आहे. साथीच्या काळात निवडणुका ‘नंतर बघू’ असे म्हणण्यापूर्वी तो आठवावा.

आजची उपनगरे तेव्हा साष्टी बेटावरची गावे होती. मुंबई उपनगर जिल्हा प्रथम १९२० साली झाला. महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत, तर १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत आली. त्याआधी १९४८ साली महापालिकेची निवडणूक प्रौढ मतदानाच्या तत्त्वावर झाली होती. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी बारा लाखांहून अधिक पोलादी मतपेट्या बनल्या त्या घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मधल्या विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात. मूठभर करदात्यांची निवडणूक अशी कोट्यवधींची झाली. मोठी रांग ही या समतेचीच खूण आहे. पण रांग मोठी झाली की आरोग्याचा प्रश्नही मोठा होतो.

खोलीची रचना कशासाठी?

मतदान केंद्राची मांडणी दोन हेतूंनी घडली आहे. मत गुप्त राहावे आणि एकाच्या नावावर दुसऱ्याने मत देऊ नये. हे हेतू योग्यच आहेत. पण श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाच्या दृष्टीने या मांडणीकडे पाहिले की वेगळेच चित्र दिसते.

पहिला मतदान अधिकारी मतदाराचे नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचतो, कारण उमेदवारांच्या प्रतिनिधींना ते ऐकू गेले पाहिजे. बोलताना आपल्या तोंडातून सूक्ष्म तुषार बाहेर पडतात आणि आवाज जितका मोठा तितके ते अधिक असतात. ओळख पटवायची तर चेहरा दिसला पाहिजे, म्हणजे मास्क खाली घ्यावा लागतो. शाई लावायची तर बोट जवळ घ्यावे लागते. मतदान कक्षाच्या मागची खिडकी गुप्ततेसाठी बंद केली जाते. एका दारावर सर्व रांग उभी राहते. साथीत जे जे टाळावे असे आपण मुलांना सांगतो, ते ते इथे नियमानेच घडते.

शाईतली रसायनेही जाता जाता पाहू. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते. कातडीशी संयोग होऊन आणि प्रकाशात ते काळे पडते, म्हणून डाग धुऊन जात नाही. साथीत हाताला सॅनिटायझर लावून आलेल्या मतदाराचे बोट आधी कोरडे होऊ द्यावे लागते. क्षणभराचेच काम, पण असे क्षण किती महागात पडतात ते पुढे दिसेल.

२०२० चे वर्ष

मार्च २०२० मध्ये मुंबईत कोविड-१९ चे रुग्ण सापडू लागले. जूनपर्यंत साथीचा जोर शहराकडून उत्तरेकडे सरकला, आणि महापालिकेला मुलुंड, भांडुप, मालाड, कांदिवली, बोरिवली, दहिसर या भागांसाठी वेगळी मोहीम हाती घ्यावी लागली. जुलैमध्ये दहिसरच्या आर-उत्तर विभागासह तीन विभागांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी झाली. झोपडपट्टीत तपासलेल्यांपैकी सुमारे ५७ टक्के, तर इतर वस्तीत सुमारे १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे तीत आढळले. रस्त्याच्या एका बाजूला एक प्रमाण आणि दुसऱ्या बाजूला दुसरे. मतदानाच्या रांगेत मात्र दोन्ही बाजूंची माणसे एकामागे एक उभी राहतात.

महाराष्ट्रात तेव्हा अनेक निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. ३१ मार्च २०२० रोजी व्हायच्या १,५६६ ग्रामपंचायतींच्या निवडणुका स्थगित झाल्या. नवी मुंबईसह काही महापालिकांची मुदत संपूनही निवडणूक झाली नाही. मे महिन्यात विधान परिषदेच्या नऊ जागांसाठी मुंबईत मतदान ठरले होते, पण ती निवडणूक बिनविरोध झाल्याने मतदान करावे लागले नाही.

२१ ऑगस्ट २०२० रोजी भारत निवडणूक आयोगाने साथीतल्या मतदानाचे नियम जाहीर केले. एका केंद्रावर १,५०० ऐवजी जास्तीत जास्त १,००० मतदार असावेत. शक्य तेथे मोठी दालने घ्यावीत. केंद्र आदल्या दिवशी निर्जंतुक करावे. दारात ताप मोजावा आणि ताप आढळल्यास त्या मतदाराला टोकन देऊन शेवटच्या तासात बोलवावे. रांगेत सहा फुटांवर वर्तुळे आखावीत. सही करण्यासाठी आणि यंत्राचे बटण दाबण्यासाठी हातमोजा द्यावा. ऐंशीहून अधिक वयाचे, अपंग आणि बाधित मतदार यांना टपाली मताची सोय असावी. बिहारची विधानसभा निवडणूक या नियमांनी ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२० मध्ये झाली आणि तिथे केंद्रांची संख्या एक लाखाच्या वर गेली.

महाराष्ट्रात या नियमांखाली रांगेत उभे राहिलेल्या पहिल्या मतदारांत शिक्षक होते. १ डिसेंबर २०२० रोजी पुणे आणि अमरावती शिक्षक मतदारसंघांत, तसेच पुणे, औरंगाबाद आणि नागपूर पदवीधर मतदारसंघांत मतदान झाले. या निवडणुकीत पसंतीचे क्रमांक लिहावे लागतात आणि ते केंद्रावर दिलेल्या जांभळ्या पेनानेच. म्हणजे एकच पेन अनेक हातांत. पाठोपाठ १५ जानेवारी २०२१ रोजी राज्यातील चौदा हजारांवर ग्रामपंचायतींची निवडणूक झाली.

मुंबईच्या उपनगरांत साथीच्या ऐन भरात सार्वत्रिक मतदान झाले नाही. ३ नोव्हेंबर २०२२ रोजी अंधेरी पूर्व विधानसभेची पोटनिवडणूक झाली, तेव्हा साथ बरीच ओसरली होती. तिथे सुमारे ३२ टक्केच मतदान झाले. पण प्रमुख प्रतिस्पर्ध्याने अर्ज मागे घेतल्याने निवडणुकीतली चुरसच गेली होती, त्यामुळे तो आकडा भीतीचे माप मानता येत नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मग प्रभागरचना आणि आरक्षण यांच्या वादांत निवडणूक अडकली आणि मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. राज्यघटनेचा अनुच्छेद २४३-यू म्हणतो की मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हावी. एकदा पुढे गेलेली निवडणूक किती दूर जाऊ शकते हे यातून दिसते.

दोन शहरांचा, दोन देशांचा अनुभव

एप्रिल २०२० मध्ये जगात एकाच आठवड्याच्या अंतराने दोन मतदाने झाली. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात एरवी १८० च्या आसपास केंद्रे असतात. काम करायला माणसे मिळेनात, म्हणून ७ एप्रिलला फक्त पाच केंद्रे उघडली. लोक मास्क लावून, अंतर ठेवून उभे राहिले, पण रांगा तासन्‌तास चालल्या. १५ एप्रिलला दक्षिण कोरियात संसदेची निवडणूक झाली. तिथे दोन दिवस आगाऊ मतदानाची सोय होती आणि चौथ्या भागाहून अधिक मतदारांनी तेव्हाच मत दिले. विलगीकरणात असलेल्यांना सायंकाळी सहानंतरची वेगळी वेळ दिली. ६६ टक्के मतदान झाले, अठ्ठावीस वर्षांतले सर्वाधिक. मतदानामुळे साथ वाढल्याचे तिथल्या अभ्यासात आढळले नाही. मास्क आणि सॅनिटायझर दोन्हीकडे होते. फरक होता तो केंद्रांच्या संख्येत आणि वेळेच्या वाटपात.

रांगेचे गणित

हा फरक एवढा मोठा का पडतो? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या गणितज्ञाला असाच प्रश्न पडला होता. फोन करणारे वाटेल त्या क्षणी येतात, तर किती वाट पाहावी लागेल? त्यातून रांगेचे शास्त्र जन्मले. त्याचे सर्वांत सोपे सूत्र आठवीच्या मुलांनाही वापरता येईल:

रांगेची सरासरी लांबी = लागणारा वेळ ÷ (दोन मतदारांमधील अंतर − लागणारा वेळ)

दोन्ही वेळा सेकंदांत घ्यायच्या. लांबीत मत देत असलेली व्यक्तीही मोजायची. प्रत्यक्षात सकाळी आणि सायंकाळी गर्दी उसळते, दुपारी ओसरते, त्यामुळे हा फक्त अंदाज आहे. पण फार बोलका आहे.

मतदान सकाळी ७ ते सायंकाळी ६, म्हणजे ११ तास, अर्थात ३९,६०० सेकंद. केंद्रावर १,५०० मतदार आणि ६० टक्के मतदान धरले तर ९०० जण येतील. दर ४४ सेकंदांनी एक. समजा प्रत्येकाला ४० सेकंद लागतात. रांग झाली ४० ÷ ४, म्हणजे १० माणसांची.

आता केंद्रावर १,००० मतदार घेऊ. ६०० जण येतील, दर ६६ सेकंदांनी एक. रांग झाली ४० ÷ २६, म्हणजे जेमतेम दीड माणसाची. मतदार एक तृतीयांशाने कमी झाले, पण रांग एक षष्ठांशाहूनही कमी उरली!

आणखी गंमत पुढे आहे. ताप मोजणे, हातमोजा देणे, बोट कोरडे होऊ देणे यांनी दर मतदारामागे फक्त दोन सेकंद वाढले असे धरू. १,००० मतदारांच्या केंद्रावर रांग दीडवरून पावणेदोनवर जाते, कोणाला कळतही नाही. १,५०० मतदारांच्या केंद्रावर ती ४२ ÷ २, म्हणजे २१ होते. दोन सेकंदांनी रांग दुप्पट! काठोकाठ भरलेल्या केंद्रावर सुरक्षेचा उपायच गर्दी वाढवतो. म्हणून केंद्रे वाढवणे हा पहिला उपाय, बाकीचे त्याच्या मागून.

जागेचाही हिशेब करून पाहावा. सहा फुटांवर एक याप्रमाणे वीस माणसांना ११४ फूट लागतात. एका मजल्यावर चार केंद्रे असतील तर ती रांग व्हरांड्यात मावते का? मुलांना टेप घेऊन आपल्याच शाळेचा व्हरांडा मोजायला लावावा.

आत बसलेल्यांचे काय?

मतदार खोलीत तीन मिनिटे असतो. केंद्राध्यक्ष आणि मतदान अधिकारी किमान अकरा तास, म्हणजे ६६० मिनिटे असतात. शिवाय मतदानापूर्वीची अभिरूप मतदानाची वेळ वेगळी. हवेतल्या जंतूंचे प्रमाण सारखे धरले तर कर्मचाऱ्याच्या श्वासात मतदाराच्या २२० पट हवा जाते. नियमांची भाषा बहुतेक मतदाराला उद्देशून असते, पण धोका साचतो तो टेबलामागे.

हवेतून पसरणाऱ्या रोगाचे गणित विल्यम वेल्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात मांडायला घेतले. १९७८ मध्ये रायली आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातील एका प्राथमिक शाळेतल्या गोवराच्या साथीवरून ते पुढे नेले. एका वर्गात शिंकलेले जंतू हवेबरोबर दुसऱ्या वर्गात कसे पोचतात, हे त्यांनी दाखवले. खोलीतली हवा जितक्या वेळा बदलेल तितका धोका कमी, हे त्याचे सार.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दर माणशी दर सेकंदाला १० लिटर ताजी हवा असावी असे सुचवले. ७ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सव्वातीन मीटर उंच वर्गात सुमारे १४० घनमीटर हवा असते. कर्मचारी, प्रतिनिधी, पोलीस आणि मतदार मिळून १४ माणसे धरू. सेकंदाला १४० लिटर, म्हणजे तासाला सुमारे ५०० घनमीटर हवा हवी. अर्थात खोलीतली हवा तासाला साडेतीन-चार वेळा बदलली पाहिजे. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या असतील तर हे सहज घडते. दारे-खिडक्या बंद असतील तर तासात एकदाही बदलणे कठीण. मतदान कक्ष खिडकीपाशी न ठेवता कोऱ्या भिंतीशी ठेवला तर गुप्तताही राहते आणि खिडकीही उघडी राहते. यासाठी एक पैसाही लागत नाही. केंद्राध्यक्षाने आदल्या दिवशी टेबले मांडतानाच हे ठरवावे.

या दुर्लक्षाची किंमत काय असू शकते ते एप्रिल २०२१ मध्ये उत्तर प्रदेशात दिसले. दुसऱ्या लाटेतच तिथे पंचायत निवडणुका झाल्या. प्राथमिक शिक्षक संघाने निवडणुकीच्या कामानंतर मृत्यू पावलेल्या १,६२१ शिक्षक-कर्मचाऱ्यांची यादी दिली. शासनाने सुरुवातीला तीन मृत्यू मान्य केले, कारण निकषानुसार घरून कामावर निघाल्यापासून परत घरी पोचेपर्यंत झालेलाच मृत्यू ड्युटीवरचा ठरत होता. कोविडची लक्षणे दिसायलाच दोन ते चौदा दिवस लागतात. मग ड्युटीवर झालेल्या संसर्गाने ड्युटीवरच मृत्यू कसा यावा? अपघातासाठी केलेला निकष रोगाला लावला गेला होता. पुढे मुदत तीस दिवसांची झाली आणि दोन हजारांहून अधिक कुटुंबांना प्रत्येकी तीस लाख रुपये मंजूर झाले. ‘रोगाचा सुप्तकाल’ ही पाठ्यपुस्तकातली व्याख्या किती घरांच्या आयुष्याशी जोडलेली आहे हे वर्गात सांगण्यासारखे आहे.

साथ गेली, रांग राहिली

केंद्रावरील मतदारांची मर्यादा २०२२ च्या पाच राज्यांच्या निवडणुकांत १,२५० झाली आणि २०२४ च्या लोकसभेपर्यंत पुन्हा १,५०० वर आली. २० मे २०२४ रोजी मुंबईत मतदान झाले तेव्हा संकट उन्हाचे आणि दमट हवेचे होते. उपनगरांत अनेक ठिकाणी लोक तासन्‌तास उभे राहिले, काही कंटाळून परत गेले. अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव ज्यात येतात त्या मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल त्या वेळी ४८ मतांनी लागला. रांग सोडून गेलेल्या माणसांची संख्या ४८ पेक्षा कमी होती असे कोण म्हणेल?

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मुंबईतील केंद्रांची संख्या दहा हजारांवर नेली गेली. त्यांतील साडेसात हजारांहून अधिक उपनगर जिल्ह्यात होती, काही थेट गृहनिर्माण संस्थांच्या आवारात. २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने देशभरासाठी १,२०० ही मर्यादा ठरवली. साथीत सापडलेले शहाणपण पुन्हा कामी आले. जंतू असो की ऊन, आखूड रांग दोन्हींवर औषध आहे. टोकन देऊन सावलीत बसवणे हाही साथीतलाच उपाय. पुढची साथ केव्हा आणि कशाची येईल ते सांगता येत नाही, पण त्या वेळीही मत द्यायची जागा बहुधा शाळेची खोलीच असेल.

वर्गात करण्यासारखे

१. आपल्या वर्गाची लांबी, रुंदी, उंची मोजून घनफळ काढा. १४ माणसांसाठी तासाला हवा किती वेळा बदलावी लागेल?

२. वरच्या सूत्रात मतदारसंख्या १,२०० घालून रांग काढा. मग मतदानाचे प्रमाण ७० टक्के धरून १,५०० मतदारांसाठी काढा. उत्तर चमत्कारिक येईल. ते असे का आले आणि प्रत्यक्षात त्या केंद्रावर काय घडेल, यावर मुलांशी चर्चा करा.

३. वर्गाच्या नकाशावर दार, खिडक्या, मतदान कक्ष, टेबले यांच्या जागा आखा. गुप्तता आणि वारा दोन्ही सांभाळणारी मांडणी कोणाची जमते ते पाहा. चांगला नकाशा जपून ठेवा. पुढच्या निवडणुकीत आपल्या शाळेत येणाऱ्या केंद्राध्यक्षांना तो उपयोगी पडेल.